विमल, पुस्तक कोणतं नेऊ?

विमल, मी तुझ्यावर रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं चुकून काही गोड लिहिलं गेलं तर तुझा गैरसमज व्हायला नको.

तू गेल्यानंतरचा तुझा जलदान विधी परवा झाला. काल दुपारी तुझी प्रज्ञा एक कापडी पिशवी घेऊन आली, ती माझ्या दिवाणावर उपडी केली आणि म्हणाली, "मावशी, ही तुमची दोघीची पुस्तकं. मी पुण्याले नेऊन काय करू?" आपली सगळी वरात बाहेर पडली. श्रीलंकेची जाडजूड पुस्तकं, थायलंडचं ते चकचकीत, व्हिएतनामचं पानं सुटलेलं, आणि खिशात मावतील अशी ती छोटी, परक्या भाषेत दोन शब्द बोलता यावेत म्हणून छापलेली, ज्यांना तू "बोलाची पुस्तकं" म्हणायचीस. प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घालण्यात जन्म गेला तुझा, हाताची सवय कुठं जाणार? एका पुस्तकावर अजून जून महिना आहे आणि त्यात तू सिलिंडर आल्याची खूण केलेली आहेस.

"कुसुम, लिहितानी शाळेतली मराठी लिहीत जाय, बोलतानी आपली बोल," हे तुझंच सांगणं. तर शाळेतली लिहिते आहे. पण राग आला की माझी जीभ घाटंजीच्या वावरात जाऊन पोचते, ते चालवून घे. इतकी वर्षं घेतलंस.

तुझ्या-माझ्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत. तुझे साहेब गेले, मग माझा माणूस गेला. प्रज्ञा पुण्याला, माझा पोरगा नागपूरला. रोज दुपारी तू पदराला हात पुसत त्या भिंतीशी यायचीस आणि विचारायचीस, "कुसुम, जेवली का व?" मी न्हाणीत असो, फोनवर कोणाशी भांडत असो, हा प्रश्न यायचाच. मी म्हणायची, "नाही अजून," की भिंतीवरून वाटी सरकायची. "भरीत आहे. बस, खाय." कधीकधी मी पोटभर जेवलेली असायची तरी "नाही अजून" म्हणायची. तुला ते माहीत होतं, असणारच. माझ्या ओठाला ठेचा लागलेला दिसत असेल की.

नोकरीतून सुटलीस त्या उन्हाळ्यात भिंतीवर कोपरं टेकून तू म्हणालीस, "मले बुद्धाचे देश पाहाचे आहेत. सारे नाही होत. श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम. आन तुले यायचं आहे माह्यासंगं."

"बाप्पा! मी काय करू तिथं? मले दहावीचं इंग्रजी सुटलं नाही."

"तुले समुद्र दाखवते."

लबाड होतीस तू. मी समुद्र पाहिलेला नाही, हे साऱ्या यवतमाळात फक्त तुला ठाऊक होतं. बाकीच्यांना मी ठोकून दिलं होतं की लग्नानंतर आम्ही मुंबईला जाऊन आलो. आम्ही माहूरला गेलो होतो.

मग पुस्तकांची शोधाशोध सुरू झाली. माझा पोरगा म्हणाला, "काकू, आता पुस्तकं कोण घेते? मोबाइल सारं सांगते, बोलूनबी दाखवते." तू त्याला म्हणालीस, "बेटा, मोबाइल विचारलं तेवढंच सांगते. पुस्तक न विचारलेलंबी सांगते." पोरगा वकील आहे, पण तुझ्यापुढं त्याची कधी चालली नाही.

आपण आधी इथल्याच दुकानात गेलो. तू म्हणालीस, गाइड दाखवा. दुकानदार म्हणाला, "कितवीचं?" तू म्हणालीस, "श्रीलंकेचं." तो म्हणाला, "भूगोलाचं का मॅडम? नववीचं आहे, स्वाध्यायासकट." तू तोंड गंभीर ठेवून ते नववीचं गाइड चाळलंस, "याच्यात दोन उत्तरं चुकली आहेत," असं त्याला सांगितलंस, आणि बाहेर येऊन पायरीवर बसून इतकी हसलीस की ऑटोवाला उतरून विचारायला आला, बाई बरी आहे ना. तुझ्या त्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. नवख्या माणसाला वाटायचं ही रडते आहे.

मग एसटीनं नागपूर. तिथल्या मोठ्या दुकानात तू पुस्तक निवडायची तुझी रीत दाखवलीस. चित्रं पाहायची नाहीत, किंमत पाहायची नाही, मागची तारीफ वाचायची नाही. सरळ मागची सूची काढायची, श्रीलंकेतलं अनुराधपूर कोणत्या पानावर आहे ते बघायचं आणि चष्मा नाकावर ओढून उभ्या उभ्या ते पान वाचायचं. एका पुस्तकात तिथल्या हॉटेलातल्या पोहायच्या तलावावर अर्धं पान होतं आणि तिथल्या बोधिवृक्षावर दोन ओळी. "या माणसानं झाड गाडीतून पाहिलं," म्हणून तू ते परत ठेवलंस. दुसरं ठेवलंस, तिसरं ठेवलंस. माझे पाय दुखायला लागले. "अव विमल, पुस्तक घेऊन राह्यली का पोरगी पाहून राह्यली?" तुला ऐकूच गेलं नाही. एक जाडं पुस्तक हातात घेतलंस, वाचता वाचता तुझे ओठ हलायचे थांबले, परत वरून वाचलंस, आणि सरळ गल्ल्याकडे चालू लागलीस.

स्टँडवर बाकावर बसून आपण संत्री सोलली. मी विचारलं, काय लिहिलं होतं ग त्यात एवढं?

"आपल्या बोधगयेच्या पिंपळाची फांदी तिथं नेऊन लावली होती," तू म्हणालीस. "मोठ्या झाडाजवळ जाऊ देत नाही, कठडा आहे. पण आजूबाजूले बोधिवृक्ष आहेत. लोक घागरी भरून आणतात, झाडाभवती फिरतात आन पाणी घालतात. कोणीबी घालू शकते. तू कोण, असं कोणी विचारत नाही."

"मंग?"

"माही आई विहिरीवर उभी राहे, कुसुम." तू संत्र्याच्या साली एकावर एक ठेवत होतीस. "माह्या आजानं दीक्षा घेतलती. घरात बुद्धाचा फोटो होता. पण विहीर तीच होती न. दोराले हात लावता येत नसे. कोणी बाई आली, तिच्या मनात आलं, तं वरून ओतून दे. नाही आलं तं नाही. मी आईचा पदर धरून उभी. दुपार होऊन जाय. मले तिथं जाऊन एक घागर भराची आहे. माह्या हातानं भराची, माह्या कमरेवर न्यायची आन झाडाले घालाची. बस. बाकी मंग तू म्हणशीन ते पाहू."

बोलायचं सुचेनासं झालं की मी कामाला धावते, हा माझा जन्माचा स्वभाव. म्हटलं, "तुही कंबर धरते. घागर मी उचलीन."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. "नाही व. तू उचलली तं पुन्हा तेच झालं न. तू हात नको लावू. तू सोबत चाल."

मी कुणब्याची. माझ्या माहेरच्या वावरात आमची स्वतःची विहीर होती, बांधीव. तू उरलेली फोड माझ्या हातावर ठेवलीस, यवतमाळची गाडी लागली आणि आपण चढलो.

जायचं कधी, यावरून आपलं पहिलं मोठं भांडण. जाडं पुस्तक म्हणत होतं, हिवाळ्यात जा. आणि हिवाळ्यात माझी कापसाची वेचणी. दसरा झाला की पऱ्हाटी फुटते, बाया मिळवता मिळवता नाकी नऊ येतात, ते पार माघ सरेपर्यंत. मी म्हटलं, कापूस घरात आल्याशिवाय मी गावाबाहेर पाय ठेवणार नाही. तू म्हणालीस, पुस्तकात लिहिलं आहे. मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं जन्मात एक बोंड वेचलं आहे का? तू आत निघून गेलीस आणि भिंतीवरून वाटी यायची बंद झाली. मीही कमी नाही, मीही तिकडं पाहिलं नाही. मग एका दुपारी तूच पुस्तक उघडून भिंतीशी आलीस. "हे पाय. एप्रिलमध्ये जाऊ नका म्हणते, ऊन सोसवत नाही म्हणते. किती, तं पस्तीस."

पस्तीस! आपण दोघी भिंतीवर पालथ्या पडून हसलो. आपल्याकडे एप्रिलात पस्तीस झालं तर लोक म्हणतात, आज हवा बरी सुटली. एप्रिलच ठरला, प्रज्ञानं आपली दोघींची विमानाची तिकिटंही काढली. "होऊ दे तुही वेचणी निवांत," तू म्हणालीस. "झाड काय पळून राह्यलं?"

झाड नाही पळालं, विमल. हिवाळ्यात गेलो असतो तर तुझी घागर भरून झाली असती, हे रोज मनात येतं. मी त्याला हाकलते. ते पुन्हा येतं. तुझ्यावर रागावले आहे म्हटलं ना, त्यातला थोडा कापसावरही आहे.

पण ते संध्याकाळचं वाचन, विमल! तू मोठ्यानं वाचायचीस आणि लगेच आपल्या बोलीत सांगायचीस. उघड्यावरचं खाऊ नका. पाणी उकळून प्या. रस्ता ओलांडताना गाड्या थांबतील असं धरून चालू नका. बसच्या वेळा अंदाजानं असतात. अनोळखी लोक लग्न झालं का, लेकरं किती, असं विचारतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तू पुस्तक मिटून म्हणालीस, "हे तं नेरचं स्टँड आहे व."

"मंग एवढ्या दूर कायले जाचं? नेरले जाऊ. संध्याकाळी घरी."

"नेरले समुद्र आहे का?" तू म्हणालीस.

दुसरं भांडण मात्र सुटलं नाही, ते तसंच टाकून तू गेलीस. मी म्हटलं होतं, ओझं नको, पुस्तक एकच न्यायचं, आणि ते जाडं, नकाशा असलेलं. तू म्हणालीस, एकच न्यायचं तर बोलायचं पुस्तक. "नकाशा काय व, माणसाले विचारलं का माणूस हात धरून नेऊन सोडते. विचारता आलं पाहिजे." आणि बोलायची पुस्तकं निवडायची तुझी आणखी एक रीत होती. प्रज्ञाकडून मागवून मागवून तू ती तपासलीस. हे द्या, ते कितीला, चादर बदला, पंखा चालत नाही, माझी बॅग हरवली. तू वैतागायचीस. "सारी मागाची वाक्यं. ज्या पुस्तकात समोरच्याले जेवला का विचारता येत नाही, ते कायचं पुस्तक?" ती तू बाजूला टाकलीस. एका बारक्या सिंहली पुस्तकात ते सापडलं तेव्हा तू चप्पल न घालता अंगणात आलीस. "कुसुम! आहे! बत कॅवद? बत म्हणजे भात! आपलाच भात आहे, पाण्यापलीकडं गेला आन तिथंच राह्यला." मग कळलं की थायलंडातही भेटल्यावर तेच विचारतात, भात खाल्ला का. व्हिएतनामातही तेच. तुला इतका आनंद झाला की त्या रात्री तू भातच केलास, फोडणीचा, वर सांबार, शाळेतल्या मराठीतली कोथिंबीर, पेरून.

उत्तरंही होती. पण तू मला "जेवले" शिकवलंच नाहीस. "जेवली म्हटलं तं गोष्ट सरली. अजून नाही म्हटलं तं समोरचा बस म्हणते," असं तुझं गणित. म्हणून मी फक्त "ताम नॅ" शिकले, म्हणजे अजून नाही. तेव्हापासून दुपारी भिंतीवरून हाक यायची, "बत कॅवद?" आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "ताम नॅ!" समोरच्या घरातल्या बाईंनी मला एकदा हळूच विचारलं, कोणत्या महाराजांचा मंत्र घेतला तुम्ही दोघींनी? मी म्हटलं, फार कडक आहे, उपाशीपोटीच म्हणावा लागतो.

त्याच पुस्तकात डॉक्टरचं पान होतं. ते शिकू, असं मी म्हटलं होतं. छातीत दुखतं, दवाखाना कुठं आहे, लवकर चला. मी पानाचा कोपराही दुमडून ठेवला होता. तू तो सरळ केलास, वरून बोट फिरवून फिरवून. "पान दुमडू नये. आन ते वाक्य आपल्याले लागत नाही."

"काहून लागत नाही? वय पाह्यलं का आपलं?"

"लागलं तं तू आहेस न बोंब ठोकाले," तू म्हणालीस आणि पुढचं पान काढलंस. पुढचं पान फळांचं होतं.

शेवटची वेचणी चालू होती. मी घाटंजीला वावरात होते, तुला माहीतच आहे. दुपारी फोन आला. "बत कॅवद?"

"ताम नॅ. बाया अजून वेचून राह्यल्या."

"मंग जेव न व बह्याडे. भाकर वाळून जाईन."

आवाज खाली वाटला म्हणून मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "काही नाही, पित्त. संध्याकाळी ये, थायलंडचं पाहू." संध्याकाळी मी गाडीतून उतरून गल्लीत वळले तर तुझ्या दारात चपला होत्या. खूप चपला. घरात माणसं असूनही आवाज नव्हता.

माझा राग हा आहे, विमल. कुठल्या कुठल्या मुलखाची बोली तू शिकायला निघालीस. त्यांच्या भाषेत त्यांना जेवलात का विचारायला निघालीस. आणि "कुसुम, मले बरं वाटत नाही, ये," एवढं एक वाक्य आपल्या बोलीत, फोन कानाला असताना, तुझ्या तोंडून निघालं नाही? काहून नाही निघालं? मी काय विमानानं येणार होते? एसटीनंच आले असते, उशीरच झाला असता कदाचित. पण आले असते ना व. बोंब ठोकायला मी आहे म्हणाली होतीस, मग मला ठोकू का दिली नाहीस?

असो. रडून झालं माझं. तोंड धुऊन आले.

परवाचं सांगते. भंतेजी आले होते, वंदना झाली. मग तो तांब्या आणला, खाली परात आणि परातीत वाटी. प्रज्ञानं तांब्या धरला. तुझ्या घरचे सगळे जवळ सरकले, कोणी तांब्याला हात लावला, कोणी तिच्या खांद्याला. तुझी नणंद मला म्हणाली, "कुसुमताई, तुम्हीबी लावा हात, तुम्ही घरच्याच." मी हात पुढं केला. तांब्याला लागणार, तेवढ्यात तू स्टँडवरच्या बाकावरून बोललीस. तू हात नको लावू, तू सोबत चाल. मी हात मागं घेतला आणि पदरात गुंडाळला. प्रज्ञानं पाणी ओतलं, वाटी भरली, भरून वाहिली, परातीत पसरली. मी तिच्याकडेच पाहत होते. आजूबाजूच्यांनी माझ्याकडे पाहिलं, हे मला तेव्हा कळलंच नाही.

काल कळलं. पुस्तकं दिवाणावर ओतून झाल्यावर प्रज्ञा म्हणाली, "तिकिटं रद्द करून टाकते मावशी. दोघीची." मग दारापर्यंत गेली आणि परत आली. राग आला की तुझ्यासारखाच आवाज खाली नेते तुझी लेक. "एक विचारू? परवा तू हात काहून मागं घेतला? सगळ्याईनं पाह्यलं. आत्या म्हणे, एवढ्या वर्षाची मैत्री, आन शेवटी आमच्या तांब्याले हात नाही लागला."

विमल, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं झालं. मी काय केलं होतं आणि ते कसं दिसलं होतं! माझ्या जातीच्या बाईनं तुमच्या पाण्यावरून हात काढून घेणं, तेही तुझ्याच पाण्यावरून. तुझी वाटी खाऊन खाऊन हा देह झालाय माझा. मी तिला हाताला धरून बसवलं आणि सगळं सांगितलं. विहीर, दोर, आजी, पदर धरून उभी असलेली तू, बाक, संत्री, घागर. तू लेकीला हे कधी सांगितलं नव्हतंस. "तिच्या डोक्यावर कायले ते ओझं," म्हणायचीस. मी सांगून टाकलं. रागाव माझ्यावर. आता फिटंफाट झाली.

ती ऐकत होती. मी जाडं पुस्तक घेतलं, तुझ्या जून महिन्याच्या कव्हरचं, आणि ते पान काढून दिलं. त्यात फोटो आहे, पांढऱ्या कपड्यातल्या बाया, हातात लहान लहान घागरी. तिनं तो फोटो बराच वेळ पाहिला.

"आजी उभी राहे?"

"हाव."

"किती वेळ?"

"दुपार होऊन जाय, असं विमल सांगे."

मग ती रडली. तू गेलीस त्या दिवसापासून ती सगळ्यांना चहापाणी विचारत फिरत होती, काल माझ्या मांडीवर डोकं ठेवून नीट रडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. तुझ्यासारखेच राठ केस. रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "मावशी, घागर जड असते का ग?"

"लहान असते. फोटोत पाय न."

"मंग मी उचलते."

"उचल," मी म्हटलं. "मी सोबत चालते."

तर असं आहे, विमल. तुझं तिकीट रद्द झालं. माझं राहिलं. प्रज्ञानं माझ्या बाजूचं नवं काढलं, ऑफिसात सुटी टाकली. या खेपेला श्रीलंकाच. थायलंड आणि व्हिएतनामची पुस्तकं मी माझ्या कपाटात ठेवली आहेत, त्यांची कव्हरं बदलायला झाली आहेत तेवढी बदलते. पोरगा म्हणाला, "आई, तुले जमन का?" मी म्हटलं, मला तिथं एक वाक्य येतं आणि तेवढं पुरतं.

तुला धन्यवाद वगैरे मी कधी म्हटलं नाही, आताही म्हणवत नाही, जीभ अडते. पण बाई, माझा माणूस गेल्यावर मी चूल पेटवायचं सोडून दिलं होतं, तेव्हा तू रोज त्या भिंतीशी येऊन उभी राहिलीस. उपदेश नाही, सांत्वन नाही, नुसतं जेवली का. त्या प्रश्नावर मी जगले ग. हे तुला सांगायचं राहिलं होतं. समुद्र दिसेल तेव्हा मी पहिल्यांदा पाहते आहे, हे प्रज्ञाला सांगणार नाही. ते आपल्या दोघीतच राहू दे.

आता राहिलं पुस्तकाचं भांडण. काल संध्याकाळी दोन्ही पुस्तकं समोर ठेवून बसले. एकच न्यायचं, हा नियम माझाच. शेवटी जाडं प्रज्ञाच्या बॅगेत टाकलं, आणि तुझं बोलायचं पुस्तक माझ्या कमरेच्या बटव्यात. हरले मी, झालं समाधान? फक्त डॉक्टरचं पान मी पुन्हा दुमडलं आहे. पुस्तक खराब झालं तर होऊ दे. तुझी लेक सोबत आहे, आणि ते वाक्य मी पाठ करून राह्यली.

आज दुपारी भिंतीशी जाऊन उभी राहिले. तुझ्या अंगणात ऊन पडलं होतं. कोणी काही विचारलं नाही. मी उगीच पदराला हात पुसले आणि आत आले. ताट वाढून घेतलं आणि झाकून ठेवलं.

तिथं प्रज्ञा घागर भरेल, तिच्या हातानं भरेल, तिच्या कमरेवर नेईल. मी दोन पावलं मागून चालेन, हात मागं बांधून, तू सांगितलंस तसं. पाणी घालून झालं की सावलीत बसू आणि डबा उघडू. तेव्हा तू विचारशील, मला माहीत आहे. म्हणून उत्तर आत्ताच देऊन ठेवते.

ताम नॅ, विमल. अजून नाही जेवले.